उजेडाचा हक्क: गावठाणातल्या खिडक्यांचा वाद कुठवर आला आहे

गोदावरीकाठच्या पुणतांब्याचे नाव बाहेरच्या माणसाला चांगदेव महाराजांच्या समाधीमुळे, दौंड-मनमाड मार्गावरून शिर्डीकडे फाटा फुटणाऱ्या रेल्वे जंक्शनमुळे, नाहीतर १ जून २०१७ रोजी तिथून पेटलेल्या शेतकरी संपामुळे माहीत असते. राहाता तालुक्यातल्या अशा जुन्या गावांच्या गल्ल्यांमध्ये मात्र रोजच्या जगण्याला भिडणारे प्रश्न वेगळे असतात. सामाईक भिंत कुणी बांधली, पन्हाळीचे पाणी कुठे पडायचे, बोळातून वाट कुणाची. आणि शेजाऱ्याने दुसरा मजला चढवला तर आपल्या स्वयंपाकघरात उजेड कुठून यायचा?

या शेवटच्या प्रश्नाला कायद्यात १८८२ पासून स्वतंत्र जागा आहे. त्यावर प्रिव्ही कौन्सिलपर्यंत निकाल झाले आहेत. तरीही खिडकीवरून भांडण लागले की दोन्ही बाजू बहुधा चुकीच्या समजुतीवर उभ्या असतात. एक म्हणतो, ‘माझ्या जागेकडे खिडकी काढायचीच नाही.’ दुसरा म्हणतो, ‘माझी खिडकी आहे, तिच्यासमोर तुला भिंत घालता येणारच नाही.’ कायदा या दोघांपैकी कुणाचेच म्हणणे जसेच्या तसे मान्य करत नाही. तो नेमके काय मान्य करतो, न्यायालयांनी त्याचा अर्थ कसा लावला, नगररचना आणि आरोग्य या क्षेत्रांतले लोक त्याकडे कसे पाहतात आणि कोणते प्रश्न अजून लोंबकळत आहेत, याचा हा आढावा. या विषयावरचे बहुतेक लिखाण शहरी इमारतींपाशी थांबते; म्हणून इथे पुणतांब्यासारखे दाट वस्तीचे गावठाण मुद्दाम समोर ठेवले आहे.

घराने तोंड फिरवले

या भागातले जुने घर उजेडासाठी शेजाऱ्यावर अवलंबून नव्हते. माळवदाच्या छतात सवणे ठेवलेले असे. त्यातून चुलीपाशी उजेड उतरे, धूर वर जाई आणि पाऊस आला की त्यावर झाकण पडे. वाडा असेल तर मधल्या चौकातून चारही बाजूंच्या सोप्यांना उजेड मिळे. बाहेरच्या भिंती जाड आणि बहुधा बंद असत, कारण घर बांधताना चोरा-दरोडेखोरांचा विचार आधी व्हायचा. उजेड स्वतःच्या हद्दीत, डोक्यावरून येत होता. तिथे शेजाऱ्याला भिंत घालता येत नव्हती.

मग माळवदे उतरली, पत्रे आणि स्लॅब आले. स्लॅबला सवणे ठेवण्याची रीत राहिली नाही. कुटुंबे विभागली, चौकात खोल्या उठल्या. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. तेवढ्या घरात चौकाचा विचार करता येत नाही. उजेड आता बाजूच्या भिंतीतूनच घ्यायचा. पण गावठाणात बाजूला असते ती शेजाऱ्याची बखळ, त्याचे परसू किंवा दोघांतला अरुंद बोळ. खिडकीचा वाद घराच्या या बदलातून आला आहे, हे ध्यानात घेतले नाही तर तो नुसता दोन शेजाऱ्यांचा हट्ट वाटतो.

म्हणजे पूर्वी वाद होतच नव्हते, असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात घरांविषयीचे नियम आहेत. उजेडासाठी झरोका लहान आणि उंचावर ठेवावा असे ते सांगतात, आणि घरमालकांनी आपसांत ठरवून हवे ते करावे, नको ते टाळावे अशी मोकळीकही देतात. बृहस्पती स्मृतीत घर बांधल्यापासून चालत आलेली खिडकी किंवा पाण्याची वाट मोडू नये असा दंडक आहे. दुसऱ्याच्या घरात नजर जाईल अशी खिडकी काढू नये, हे कात्यायनाचे सांगणे. कात्यायनाचे हरवलेले व्यवहारविषयक श्लोक ठिकठिकाणच्या ग्रंथांतून वेचून १९३३ साली पुन्हा उभे केले ते महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी, ते स्वतः मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत. जुनी वहिवाट, शेजाऱ्याचा आडपडदा आणि आपसांतला समझोता ही आजच्या वादातली तिन्ही सूत्रे या जुन्या नियमांत दिसतात.

कायद्याचा मूळ आराखडा

व्हिटली स्टोक्स यांनी मसुदा केलेला भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ साली झाला. सुविधाधिकार म्हणजे आपल्या जागेच्या उपभोगासाठी दुसऱ्याच्या जागेवर मिळणारा हक्क. आरंभी तो मद्रास इलाखा, मध्य प्रांत आणि कुर्ग यांच्यापुरताच होता. मुंबई इलाख्याला, म्हणून तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यालाही, तो १८९१ साली लागू झाला. आज अहिल्यानगर म्हणवणाऱ्या या जिल्ह्यातल्या खिडकीचा दावा याच कायद्याने चालतो.

त्याच्या कलम १५ चा गाभा असा: एखाद्या इमारतीला शेजारच्या जागेवरून येणारा उजेड किंवा वारा सुविधाधिकार म्हणून, शांतपणे आणि अखंड २० वर्षे मिळत आला असेल, तर तो हक्क पक्का होतो. शेजारची जागा सरकारची असेल तर ही मुदत ३० वर्षांची. ही वर्षे दावा दाखल होण्याआधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात. म्हणजे आजोबांच्या काळात खिडकी होती पण मधल्या काळात बुजली, असे सांगून भागत नाही. मध्ये अडथळा आला तरी तो माहीत झाल्यावर वर्षभर मुकाट्याने सोसला तरच वहिवाट तुटली असे धरतात. आपल्या खिडकीसमोर भिंत उठताना दिसल्यावर हालचाल करायला कायद्याने दिलेला हा अवधी आहे. प्रत्यक्षात तो पुष्कळदा ‘बघू, दिवाळीनंतर बसून बोलू’ यातच निघून जातो.

आता दोन्ही समजुती तपासून पाहता येतात. आपल्या भिंतीत, आपल्या हद्दीत खिडकी काढणे हा मुळात गुन्हाही नाही आणि दिवाणी अपकृत्यही नाही. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८६५ साली टॅपलिंग विरुद्ध जोन्स या खटल्यात हे स्पष्ट केले आणि इथल्या न्यायालयांनीही तीच वाट धरली. शेजाऱ्याला ती खिडकी नको असेल तर २० वर्षे भरण्याआधी स्वतःच्या जागेत बांधकाम करून तो ती झाकू शकतो. उलट, २० वर्षे पुरी न झालेल्या खिडकीच्या मालकाला समोरची भिंत थांबवण्याचा हक्क नाही.

यातून एक विचित्र परिणाम निघतो आणि गावात त्याची झळ सर्वांत जास्त बसते. कायदा सौजन्याने गप्प बसणाऱ्याचे नुकसान करतो. पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या कुटुंबाची बखळ गावात मोकळी पडलेली असते. शेजाऱ्याने तिच्याकडे खिडकी काढली, कुणी हरकत घेतली नाही, पंचवीस वर्षांनी नातू घर बांधायला आला आणि त्याला बांधकाम थांबवण्याची ताकीद मिळाली, तर त्याच्या आजोबांचा दोष एवढाच की त्यांनी शेजारधर्म पाळला. इंग्लंडने या अडचणीवर १९५९ च्या राइट्स ऑफ लाइट ॲक्टने तोड काढली. तिथे जागामालक प्रत्यक्ष भिंत न बांधता, भिंत बांधली असे समजा, अशी नोंद करून शेजाऱ्याची मुदत तोडू शकतो. भारतीय कायद्यात असा मार्ग नाही. जवळचा उपाय म्हणजे लेखी करार. कलम १५ च्याच स्पष्टीकरणानुसार, हक्क दिलेला नाही हे करारातून दिसत असेल, तर त्या कराराखालचा वापर वहिवाटीत मोजला जात नाही. ‘ही खिडकी आमच्या परवानगीने आहे’ असा दोघांच्या सह्यांचा कागद पुढच्या पिढीचा दावा वाचवू शकतो. गावात हे फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ठाऊक असले तरी शेजाऱ्याकडे असा कागद मागणे अवघड वाटते.

नजरेचा प्रश्न उजेडापासून वेगळा ठेवला आहे. कलम १८ प्रमाणे एखाद्या गावाची रूढीच तशी असेल, तर घराच्या खासगी भागात डोकावणारी नवी खिडकी अडवता येते. गुजरातमध्ये अशी रूढी असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने १८६७ साली मानले आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८८ साली गोकल प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात वायव्य प्रांतांसाठी मानले. म्हणजे रूढी त्या त्या ठिकाणची म्हणून सिद्ध करावी लागते. तिच्याशिवाय नुसते ‘आमच्या न्हाणीकडे दिसते’ एवढे पुरेसे होत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पुट्टस्वामी निकालात सांगितले, पण तो निकाल मुख्यतः नागरिक आणि राज्यसंस्था यांच्यातल्या संबंधांचा. दोन शेजाऱ्यांमधल्या खिडकीवर त्याची छाया किती पडते, हे ठरायचे आहे.

वाटणीतला चौक

गावठाणातले सर्वांत कडू वाद सख्ख्या किंवा चुलत भावांचे असतात, आणि नेमका तिथे २० वर्षांचा नियम गैरलागू ठरतो. एकत्र कुटुंबाची मालमत्ता असताना स्वतःच्याच जागेवर स्वतःचा सुविधाधिकार असू शकत नाही. तेव्हा वाटणीआधीची वर्षे मोजण्यात अर्थ नसतो. वाटणीत चौक एकाकडे गेला आणि चौकाकडे खिडक्या असलेले दोन खण दुसऱ्याकडे, तर पहिल्याने चौकात बांधकाम करायचे की नाही?

कलम १३ इथे उत्तर देते. वाटणीच्या वेळी एखादी सोय उघड दिसणारी आणि सतत चालणारी असेल, आणि दुसऱ्याचा हिस्सा तेव्हा जसा वापरात होता तसा वापरण्यासाठी ती आवश्यक असेल, तर वाटणीपत्रात उलट काही लिहिलेले नसल्यास ती सोय हक्क म्हणून टिकते. खिडकीतून येणारा उजेड ही सतत चालणारी सोय आहे, हे कायद्याने कलम ५ च्या उदाहरणातच सांगून टाकले आहे. म्हणजे भावाच्या खिडकीला हक्क मिळायला २० वर्षे थांबावे लागत नाही. तो वाटणीच्या दिवशीच जन्मतो.

पण बहुतेक वाटणीपत्रांत खण, जोते, परसू, झाडे, विहिरीतला हिस्सा, अगदी उखळ-पाट्यापर्यंत नोंद असते आणि उजेडाविषयी अक्षरही नसते. तोंडी वाटणी असेल तर तेवढेही नाही. मग त्या वेळी कोणती खिडकी होती, ती ‘आवश्यक’ होती की नुसती सोयीची, यावर साक्षी होतात. साक्षीदार असतात घरातल्याच म्हाताऱ्या आत्या आणि काकू.

घर पाडून नवे बांधले तर जुन्या खिडकीचा हक्क जातो, हाही एक रूढ गैरसमज आहे. कलम ५१ नुसार २० वर्षांच्या आत त्याच जागेवर, शेजाऱ्यावर जास्त बोजा न टाकता घर पुन्हा बांधले तर हक्क जिवंत होतो. माळवद पाडून स्लॅब टाकणाऱ्याने खिडकी जुन्याच जागी आणि जुन्याच मापाची ठेवली तर तो सुरक्षित राहतो. मात्र वर चढवलेल्या नव्या मजल्याच्या खिडक्यांचे २० वर्षांचे गणित पहिल्यापासून सुरू होते.

किती उजेड म्हणजे पुरेसा

हक्क सिद्ध झाला तरी दावा जिंकला असे होत नाही, आणि या वादातला सर्वांत जुना मतभेद इथेच आहे. कलम २८ म्हणते, मुदतभर त्या खिडकीतून जेवढा उजेड येत होता तेवढा सगळा हक्कात येतो. कलम ३३ मात्र सांगते की भरपाई मिळायला नुकसान भरीव हवे: घराची किंमत घटली पाहिजे, किंवा राहणाऱ्याच्या शारीरिक सुखसोयीत ठळक अडथळा आला पाहिजे, किंवा नेहमीचा धंदा पूर्वीसारखा चालवणे अशक्य झाले पाहिजे. हक्क रुंद आणि दाद अरुंद, अशी ही रचना आहे.

इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने १९०४ साली कोल्स विरुद्ध होम अँड कलोनियल स्टोअर्स या खटल्यात कसोटी घालून दिली. उजेड पूर्वीपेक्षा कमी झाला का, हे विचारायचे नाही. उरलेला उजेड सर्वसाधारण माणसाला सुखाने राहायला पुरतो का, हे विचारायचे. कलकत्त्याहून गेलेल्या पॉल विरुद्ध रॉबसन या खटल्यात १९१४ साली प्रिव्ही कौन्सिलने भारतीय कायद्याचाही अर्थ याच दिशेने लावला. समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंतचा कोन ४५ अंशांच्या आत असेल तर उजेड पुरेसा, हा जुना ठोकताळा न्यायालयात अनेकदा मांडला जातो. पण तो अंदाजापुरता आहे, कायदा नव्हे.

‘सुखाने राहणे’ मोजायचे कसे? इंग्लंडमध्ये पर्सी वॉलड्रम यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकाशाचा किती भाग खोलीतून दिसतो यावर आधारलेली मोजणी रूढ केली. तिथली न्यायालये ती दीर्घकाळ वापरत आली, आणि ती फार कमी उजेडावर समाधान मानते अशी टीकाही तिच्यावर तितकीच झाली. भारतात मोजमाप आहे, पण ते दिवाणी दाव्यांपासून दूर राहिले. भारतीय मानक २४४० मध्ये निरभ्र आकाशाचा बाहेरचा उजेड ८,००० लक्स धरून कोणत्या खोलीला त्यातला किती टक्का मिळावा हे दिले आहे. बसायच्या खोलीला ०.६२५ टक्के, म्हणजे ५० लक्स. अभ्यासाच्या खोलीला १.९ टक्के. स्वयंपाकघराला २.५ टक्के, म्हणजे २०० लक्स. सर्वांत जास्त उजेड जिथे हवा म्हणून मानकाने सांगितले, ती खोली आपल्याकडे घराच्या मागच्या अंगाला, शेजाऱ्याच्या भिंतीला टेकून असते. खिडकी बुजली तर दिवसाउजेडी दिवा लावून काम करावे लागते ते बाईला. ‘बल्ब लावा की’ हे उत्तर देणारा बहुधा त्या खोलीत बसणारा नसतो.

नियोजनकारांची वाट

दुसरी विचारधारा दिवाणी हक्काच्या फंदात न पडता अंतरे आणि कोन ठरवून देते. तिचा महाराष्ट्रातला उगम मुंबईच्या प्लेगमध्ये आहे. १८९६ च्या साथीनंतर १८९८ साली सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी चाळींच्या खालच्या मजल्यांवरच्या अंधाऱ्या खोल्यांचा प्रश्न धसाला लावला आणि साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आग्रहाने मांडला. हिशोब सोपा होता: समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको. २० वर्षांची वहिवाट लागत नाही, साक्षीदार लागत नाहीत, टेप घेऊन मोजले की झाले. फ्रान्सच्या दिवाणी संहितेतही शेजाऱ्याकडे सरळ बघणारी खिडकी हद्दीपासून १.९ मीटरच्या आत काढता येत नाही. तिथेही काळापेक्षा अंतर महत्त्वाचे.

या वाटेची मर्यादा गावठाणात उघड होते. राष्ट्रीय इमारत संहिता कोरड्या उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्राच्या एक-दशांश आणि दमट उष्ण हवामानात एक-षष्ठांश उघडी जागा मागते. डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत बाजूची अंतरे आहेत. पण जिथे भिंतीला भिंत लागून शतके गेली, तिथे बाजूला काय सोडणार? जेवढे अंतर सोडाल तेवढे घर जाते. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ खाली बांधकामाला परवानगी लागते, तरी ती परवानगी शेजाऱ्याचा दिवाणी हक्क मिटवत नाही. उलट बाजूने, नियम मोडून झालेल्या बांधकामाविरुद्ध शेजारी न्यायालयात जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली उडुपीच्या एका चित्रपटगृहाच्या प्रकरणात मान्य केले. दोन यंत्रणा एकाच भिंतीकडे पाहतात, पण एकमेकींशी बोलत नाहीत.

नियम सैल केले की काय होते, हे मुंबईच्या गोवंडी-मानखुर्द भागातल्या पुनर्वसन वसाहतींत दिसले. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने तिथल्या तीन वसाहतींच्या अभ्यासात खेटून उभ्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर ऊन-वारा न पोहोचणे आणि क्षयरोगाचे जास्त प्रमाण यांचा संबंध दाखवला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या चमेली सिंग निकालात निवाऱ्याच्या हक्कात पुरेसा उजेड आणि शुद्ध हवा यांचा समावेश केला होता. यातून तिसरी भूमिका उभी राहते: उजेड हा जुन्या खिडकीचा नसून तिथे राहणाऱ्या माणसाचा हक्क आहे. ही भूमिका मनाला पटते. पण त्या हक्काची जबाबदारी राज्यसंस्थेवर येते. शेजाऱ्यावर ती कशी आणि किती टाकायची, याचे उत्तर तिच्याकडे अजून नाही.

चौथी बाजू बांधणाऱ्यांची, आणि तिलाही वजन आहे. एका जुन्या खिडकीने शेजाऱ्याच्या जागेची उंची कायमची गोठवावी का? न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १८३८ सालीच पार्कर विरुद्ध फूट खटल्यात इंग्लंडचा हा नियम वाढत्या शहरांना परवडणारा नाही म्हणून नाकारला. फ्लोरिडात १९५९ साली एका हॉटेलच्या नव्या मजल्यांची सावली शेजारच्या हॉटेलच्या पोहण्याच्या तलावावर पडत होती. तिथेही दाद मिळाली नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली कॉव्हेंट्री विरुद्ध लॉरेन्स या आवाजाच्या खटल्यात ताकिदीऐवजी पैशाची भरपाई देण्याला अधिक वाव दिला, आणि त्याचे पडसाद उजेडाच्या दाव्यांतही उमटले. याउलट जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली सूर्यप्रकाश अडवणाऱ्याला नुकसानभरपाई द्यायला लावली आणि १९७६ साली तिथल्या बांधकाम कायद्यात सावलीच्या तासांवर मर्यादा आली. इमारती वाढल्या म्हणून उजेडाचा हक्क मेलाच पाहिजे असे नाही, हे जपानने दाखवले.

काळीतला उजेड, पत्र्यावरचा उजेड

पांढरीतल्या, म्हणजे गावठाणातल्या, घराला जो हक्क मिळू शकतो तो काळीतल्या, म्हणजे शेतातल्या, पिकाला मिळत नाही. कलम १७ नुसार मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या उजेड-वाऱ्याचा हक्क कितीही वर्षांच्या वहिवाटीने मिळत नाही. बांधावरच्या शेजाऱ्याच्या लिंबाने किंवा निलगिरीने उसाच्या चार ओळी सावलीत मारल्या तरी उजेडाचा दावा चालणार नाही. हद्दीत आलेल्या फांद्या तोडता येतात. मुंबई उच्च न्यायालयाने १८९४ सालीच ते मान्य केले आहे. पण शेजाऱ्याच्याच हद्दीत सरळ उभ्या असलेल्या झाडाच्या सावलीवर इलाज नाही.

या फरकाला आता नवी धार आली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि गावागावांत छतावर पॅनेल दिसू लागली आहेत. उद्या शेजाऱ्याचा मजला चढला आणि दुपारनंतर पॅनेलवर सावली पडू लागली तर? कलम १५ ‘इमारतीला’ मिळणाऱ्या उजेडाचे बोलते. कलम ३३ मधला उजेडाचा निकष घराच्या उघड्या भागांतून येणाऱ्या उजेडाचा आहे. छतावरचे पॅनेल इमारतीचा भाग मानायचे की मोकळ्या जागेसारखे? शिवाय योजनाच इतकी ताजी की २० वर्षे भरायला २०४४ उजाडेल. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली प्राह विरुद्ध मरेटी या खटल्यात सौर यंत्रावर सावली पाडणारे घर हा उपद्रव ठरू शकतो असे म्हटले होते. आपल्याकडे विधिमंडळाने यात लक्ष घालण्याची वेळ आली आहे, कारण सरकार एका हाताने अनुदान देते आणि त्या गुंतवणुकीच्या उजेडाला कायद्याचे कोणतेच कुंपण नाही.

पुरावा आणि तडजोड

दावा दाखल झाल्यावरचा रस्ता ठरलेला आहे: तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात तात्पुरत्या मनाईचा अर्ज, ‘जैसे थे’चा हुकूम, कोर्ट कमिशनरची पाहणी, भूमी अभिलेखची मोजणी. खरी अडचण पुराव्याची. गोव्यातून आलेल्या एका वाटेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की २० वर्षांचा अखंड वापर नेमकेपणाने सांगून सिद्ध करावा लागतो. मालकीचा दावा लावायचा आणि तो फसला की सुविधाधिकार मागायचा, हे चालणार नाही, असे त्याच न्यायालयाच्या २००८ सालच्या दुसऱ्या एका निकालात आले. एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका रस्त्याच्या वादातही पुरेसा पुरावा नसल्याने हक्क नाकारला गेला. हे निकाल वाटेचे असले तरी कसोटी खिडकीलाही तीच. आणि खिडकीचे वय कुठे लिहिलेले असते? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराचे क्षेत्र आणि बांधकामाचा प्रकार सापडतो, खिडकी नाही. लग्नातले फोटो, गृहकर्जासाठी काढलेला नकाशा, गवंड्याची साक्ष यांवर दावे उभे राहतात.

उशीर झाला तर भिंत पाडण्याचा हुकूम मिळणे कठीण होत जाते. मग उरते पैशाची भरपाई, आणि अंधाऱ्या खोलीला ती पुरत नाही. म्हणून अनुभवी वकील पाया खोदला जात असतानाच हालचाल करायला सांगतात. दुसरी वाट बसून बोलण्याची. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्या आणि लोकअदालती यांत असे वाद मिटू शकतात, कारण खिडकीच्या भांडणात मधला मार्ग बहुधा असतो: भिंतीची उंची थोडी कमी, वरच्या बाजूला जाळी, दोन फुटांचा डक्ट, धुरकट काच, छतातून एक पारदर्शक पत्रा. न्यायालयाचा हुकूम हो किंवा नाही म्हणतो. डक्टची रुंदी पंचच ठरवू शकतात. मात्र पंच गावातल्या वजनदार बाजूकडे झुकले तर दुबळ्याच्या वाट्याला अंधारच येतो, ही भीती खोटी नाही.

नोंदीच्या बाजूने एक संधी आत्ता समोर आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेने ही मोजणी देशभर नेली आणि महाराष्ट्रातल्या गावठाणांत घरोघरी मालमत्ता पत्रके तयार होऊ लागली. ड्रोनला छप्पर आणि हद्द दिसते, भिंतीतली खिडकी दिसत नाही. पण मालमत्ता पत्रकाच्या नमुन्यात ‘सुविधाधिकार’ नावाची एक ओळ आधीपासून छापलेली आहे. बहुतेक पत्रकांवर ती कोरी असते. ती भरायची झाली तर चौकशी अधिकाऱ्याने शेजाऱ्यांना समोरासमोर बसवून चालत आलेल्या खिडक्या, पन्हाळी आणि वाटा लिहून घ्यायला हव्यात. अशा नोंदीला दिवाणी न्यायालयात पुरावा म्हणून किती वजन द्यायचे, आणि नोंद न केलेल्या खिडकीचा हक्क त्यामुळे दुबळा ठरेल का, हे दोन प्रश्न महसूल आणि विधी विभागांना आधी सोडवावे लागतील.